दहापैकी नऊची शाळा

२०२१च्या जूनमध्ये आम्ही पुण्याहून न्यू जर्सीला आलो आणि घर शोधायला लागलो. खरं तर घर नव्हे, आकडा शोधत होतो. इथे घरं बघायच्या साइटवर प्रत्येक घराच्या फोटोखाली तिथल्या सरकारी शाळांना दहापैकी गुण दिलेले असतात. ऑफिसातल्या मराठी मंडळींनी नवऱ्याला आधीच बजावलं होतं, स्वयंपाकघर अंधारं असलं तरी चालेल, हायस्कूल आठच्या खाली नको. आम्हाला नऊची शाळा मिळाली. स्वयंपाकघर अंधारंच मिळालं.

न्यू जर्सीतला मालमत्ता कर अख्ख्या देशात सगळ्यांत जड, आणि त्यातला मोठा वाटा शाळांना जातो. आपण भाडेकरू असलो तरी घरमालक तो भाड्यातून वसूल करतोच. थोडक्यात, शाळा फुकट, पण शाळेच्या हद्दीत राहणं महाग. हे गणित मला जरा उशिरा कळलं. शाळेच्या नोंदणी कार्यालयात गेले तेव्हा मी आपली वाट बघत होते की आता डोनेशनचा विषय निघेल. खिडकीतल्या बाईंनी भाडेकरार, विजेचं बिल, जन्मदाखला, पुण्याच्या शाळेची गुणपत्रकं आणि लसींची यादी मागितली. मेनिंजायटिसची लस आपल्याकडे घेतलेली नव्हती, ती घेऊन या म्हणाल्या. बस. मुलाखत नाही, आईवडिलांचं शिक्षण नाही. व्हिसाबद्दलही अवाक्षर नाही. कागदपत्रं नसलेल्या मुलालाही सरकारी शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, हे इथल्या सुप्रीम कोर्टाने १९८२ सालीच ठरवून टाकलेलं आहे, असं मला नंतर समजलं.

लेक आठवी संपवून आली होती, म्हणजे नववीत, हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला. पहिला घोळ गणिताचा. आपल्याकडे आठवीच्या एकाच पुस्तकात बैजिक राशी, चौकोन, घनफळ, चक्रवाढ व्याज सगळं एकत्र नांदतं. इथे एक अख्खं वर्ष बीजगणित, मग एक अख्खं वर्ष भूमिती, मग पुन्हा बीजगणित, मग प्रीकॅलक्युलस, मग कॅलक्युलस. तेव्हा पुण्याची आठवी यातल्या कुठल्या खणात बसवायची? ग्रंथालयात एका कोपऱ्यात बसवून तिची चाचणी घेतली. बाहेर आली ती रडवेली. गणितं सोपी होती, पण समोर टीआय-८४ नावाचा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर ठेवला होता आणि तो चालू कसा करायचा हेच तिला कळेना. आयुष्यभर आम्ही तिला कॅल्क्युलेटरला हात लावू दिला नव्हता! तरी भूमितीत बसवलं तिला. मी मात्र घरी येऊन शंभराहून जास्त डॉलर मोजून तो यंत्रराज मागवला.

विषय निवडायचे म्हणजे काय, ते शाळेच्या काउन्सेलरने, म्हणजे मार्गदर्शक बाईने, समजावलं. हायस्कूल पूर्ण केल्याच्या डिप्लोमासाठी राज्याचा किमान हिशोब १२० क्रेडिटचा. वर्षभराच्या एका विषयाचे ५. इंग्रजी चारही वर्षं, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं तीन-तीन वर्षं, एक परदेशी भाषा, एखादी कला आणि पैशांच्या व्यवहाराचा अर्ध्या वर्षाचा विषय. आणि व्यायाम. व्यायाम ऐच्छिक असेल असं मला वाटलं होतं. काउन्सेलर म्हणाली, “कायद्याने आठवड्याला १५० मिनिटं. त्यात नापास झाली तर डिप्लोमा मिळणार नाही.”

मी साताऱ्यात शिकले. आमच्या पीटीच्या तासाला गणिताच्या बाई यायच्या. वर्षानुवर्षं. पीटीचे सर बाहेर कडुनिंबाखाली वर्तमानपत्र वाचत बसायचे आणि त्यात कुणालाच काही गैर वाटायचं नाही. त्यामुळे व्यायामात नापास होऊन शिक्षण अडतं, हे ऐकून मी मनातल्या मनात दोन्ही शिक्षकांना हात जोडले.

लेकीला बॅडमिंटन येत होतं, पण आमच्या शाळेत त्याचा संघच नव्हता. टेनिसला निवड चाचणी, आणि तिथे सहा-सात वर्षांच्या असल्यापासून कोचिंग घेतलेल्या मुली. उरलं क्रॉस-कंट्री, म्हणजे गवत, माती, चढ-उतार यांवरून ५ किलोमीटर पळणं. तिथे कुणाला काढून टाकत नाहीत, येईल त्याला घेतात. आम्ही तिथे गेलो ते केवळ एवढ्यासाठीच, उगाच नंतरच्या कौतुकाला भुलून खोटं कशाला सांगू.

आणि मग सुरू झाली फॉर्मची वारी. खेळाच्या सरावाला पाय ठेवण्याआधी डॉक्टरी तपासणी, ती ३६५ दिवसांच्या आतली. डॉक्टरने भरलेला फॉर्म शाळेच्या नर्सकडे, तिच्याकडून शाळेच्या डॉक्टरकडे. त्याशिवाय डोक्याला मार लागला तर काय, याची माहितीपत्रिका वाचल्याची सही. खेळाडू मुलांना अचानक येणाऱ्या हृदयविकाराची माहितीपत्रिका वाचल्याची सही. ओपिऑइड वेदनाशामकांच्या धोक्याची माहिती वाचल्याची सही. राज्याच्या स्पर्धेत उतरली तर स्टेरॉइडची चाचणी करू देऊ, अशी सही. स्टेरॉइड! जी मुलगी क्रोसीनची अर्धी गोळी गिळायला दोन पेले पाणी संपवते, तिची! हृदयविकाराची पत्रिका मी रात्री एकटीने वाचली आणि माझ्या आईच्या नजरेला पडू नये म्हणून खणात कपड्यांखाली ठेवली. आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती.

एवढं करून घोडं अडलंच. डॉक्टरने सही केली होती, दवाखान्याचा शिक्का मारायचा राहिला होता. नर्सने फॉर्म परत पाठवला. दवाखान्यात फोन केला तर डॉक्टर सुट्टीवर. शिक्का तिथेच टेबलावर असणार, पण डॉक्टर नसताना तो मारायचा कुणी? आपल्याकडे असतं तर मी समोर जाऊन उभी राहिले असते आणि शिक्का पडेपर्यंत हलले नसते. इथे फोनवर संगीत ऐकत बसले. ऑगस्टमधल्या सरावाचे पहिले आठ दिवस लेक मैदानाच्या जाळीबाहेर पाण्याची बाटली घेऊन उभी. “तू घरी बस ना,” म्हटलं तर म्हणाली, “कोच म्हणाले, बघायला ये.” रोज सकाळी जायची आणि नुसती बघायची.

पहिलं वर्ष ती शेवटून दुसरी किंवा तिसरी. ज्युनियर व्हर्सिटी नावाच्या राखीव फळीत. नवरा म्हणायचा, अभ्यासाचा वेळ जातोय. मी म्हणायचे, हवा तर खातेय. कुणालाच या प्रकाराचं फार काही नव्हतं, ऑक्टोबरमध्ये मी पहिल्यांदा होमडेलला जाईपर्यंत.

होमडेल पार्क मॉनमथ काउंटीत आहे. राज्याच्या क्रॉस-कंट्रीची शेवटची मोठी शर्यतही तिथेच होते, म्हणून पळणाऱ्या पोरांच्या तोंडी ते नाव आपल्याकडच्या वानखेडेसारखं. रुंद गवताळ पट्ट्यावर खडूची रेघ, तिच्यावर शेकडो मुली खांद्याला खांदा लावून उभ्या, बंदुकीचा बार, आणि सुरुवातीलाच चढ. दुसऱ्या मैलात ‘बोल’ येतो. बोल म्हणजे वाडगा, आणि जागा आहेच तशी. एका काठावरून धाडधाड खाली उतरायचं, तळाला वळायचं आणि लगेच दुसऱ्या काठाने वर चढायचं. सगळे आईबाप तिथे काठावर दाटी करून उभे असतात, कारण पोरांची खरी चेहरेपट्टी तिथेच दिसते. आदल्या रात्री पाऊस पडला होता. तळाशी चिखल. मला आमच्या पोरी ओळखूच येईनात, सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत एकाच रंगाचे. मग एक मुलगी चढावर हात गुडघ्यांवर टेकवून दोन पावलं चालली, परत पळू लागली, परत चालली. ती माझी होती. मी ओरडायचं ठरवून आले होते, पण तोंडातून आलं ते “अगं हळू!” शेजारची बाई हसली. तिला शब्द कळला नसेल, सूर कळला असावा.

त्या दिवशी गुण कसे मोजतात ते तिथल्या एका बापाने मला बोटं मोजून समजावलं. संघात पळतात सात. मोजतात पाच. पहिली आली तर १, विसावी आली तर २०, पाच जणींच्या क्रमांकांची बेरीज, आणि ज्याची बेरीज सगळ्यांत कमी तो संघ जिंकला. पहिले पाचही क्रमांक आपलेच असले तर १५, त्याहून चांगलं काही नाही. सहावी-सातवी मोजल्या जात नाहीत, पण त्या समोरच्या संघाच्या पाचवीच्या पुढे आल्या तर तिचा क्रमांक मागे ढकलला जातो आणि त्यांची बेरीज वाढते. तो म्हणाला, “आमच्या पहिल्या मुलीने कितीही मोठी आघाडी घेतली तरी तिचा आकडा १च्या खाली जात नाही. शर्यत ठरते ती पाचवीवर.”

घरी येताना गाडीत मी हेच घोळवत होते. साताऱ्याच्या आमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर काळी पाटी होती, तिच्यावर सोनेरी रंगात बोर्डात आलेल्या मुलींची नावं. शाळा म्हणजे ती पाटी. माझं नाव तिच्यावर नव्हतं, माझ्या वर्गातल्या कुणाचंच नव्हतं, त्यामुळे आम्ही त्या शाळेच्या हिशोबात होतो की नव्हतो, कोण जाणे. इथे जिमच्या भिंतीवर जिंकलेल्या वर्षांचे झेंडे आणि पळण्या-पोहण्याचे विक्रम नावानिशी रंगवलेले, त्यातले काही तर माझ्या जन्माआधीचे. कॅलक्युलसमध्ये कोण पहिलं आलं, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. वर्गात कितवी, हेही शाळा सांगत नाही. क्रमांक काढणंच त्यांनी बंद केलंय.

म्हणून चुरस नाही असं समजू नका. आमच्या आळीत चुरस शाळेपेक्षा जास्त स्वयंपाकघरांत होती. आमच्यापासून जवळच वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो नावाचा शाळांचा डिस्ट्रिक्ट आहे. २०१५मध्ये तिथल्या सुपरिंटेंडेंटने, म्हणजे त्या सगळ्या शाळांच्या प्रमुखाने, मुलांवरच्या ताणाबद्दल पालकांना १६ पानी पत्र लिहिलं, हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या, काही रात्री गृहपाठाशिवायच्या ठरवल्या. पालकांत सरळ दोन तट पडले, आणि आपल्याकडून आलेले बरेचसे कुठल्या तटात होते ते सांगायला नको. इतकी वर्षं झाली तरी कारपूलमध्ये तो विषय निघाला की गाडीतली हवा बदलते. मी कुठल्या तटात होते ते माझ्या सहीने सिद्ध केलं आहे.

झालं असं. दहावीसाठी रसायनशास्त्राच्या नेहमीच्या वर्गाची शिफारस आली. त्याच्या वरचा ऑनर्सचा वर्ग, त्याच्या वर एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचा. शेजारच्या मुलाला ऑनर्स मिळाला होता. शिफारस मान्य नसेल तर पालकाने सही करून मुलाला वरच्या वर्गात टाकायची सोय असते, त्याला वेव्हर म्हणतात. फॉर्मवर स्पष्ट छापलं होतं की ठरलेल्या तारखेनंतर परत खाली येता येणार नाही. हृदयविकाराच्या पत्रिकेवर सही करताना माझा हात थरथरला होता, यावर नाही थरथरला. लेकीला विचारलंसुद्धा नाही.

पहिल्या सत्राचा निकाल पोर्टलवर आला: सी. आमच्या खानदानात सी कुणी बघितला नव्हता, कारण आमच्या खानदानात अक्षरात गुण नव्हते. नवऱ्याने पळणं बंद करायचा विषय काढला. मी गप्प, कारण सही माझी. लेकच म्हणाली, “पळणं बंद केलं तर काय होईल सांगू? त्या दोन तासांत मी रसायनशास्त्राकडे बघून रडेन. आता निदान रडायला वेळ नाही.” मग ती सकाळी सातला शाळेत जाऊ लागली. शिक्षक तास सुरू होण्याआधी बसायचे, येईल त्याला शिकवायचे, पैसे-बिईसे काही नाही. मी अंधारात गाडी काढायचे आणि तिला सोडून यायचे. त्या गृहस्थांनी एकदाही मला म्हटलं नाही की तरी मी सांगत होतो. वर्षअखेरीला बी वजा. ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे हायस्कूलच्या गुणांच्या नोंदीवर, ते कायमचं बसलं.

त्या वर्षभरात माझ्याकडून एकच काम बरं झालं. शर्यतीच्या दिवशी पालकांनी खाऊ आणायचा असतो, बेगल, केळी वगैरे. मी दाण्याचे लाडू केले. कोचची मेल आली की संघात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेली मुलगी आहे. रात्री अकराला मी राजगिरा आणि गूळ घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी चिखलाने माखलेल्या बोटांनी पोरी ते लाडू उचलत होत्या आणि एकीने विचारलं, “हे एनर्जी बॉल कुठे मिळतात?” पुढची दोन वर्षं मी शर्यतीला गेले की पोरी आधी माझ्या हातातल्या डब्याकडे बघायच्या.

अकरावी भुर्रकन गेली. ऑक्टोबरमध्ये पीएसएटी, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीच्या एसएटी परीक्षेची रंगीत तालीम, त्यावर नॅशनल मेरिट ही शिष्यवृत्ती, आणि न्यू जर्सीचा कटऑफ दरवर्षी देशातल्या सर्वांत वरच्या आकड्यांत, त्यामुळे तो विषय आमच्याकडे एका रात्रीत संपला. २०२४च्या मार्चपासून एसएटी संगणकावर आली, ती तिने दिली. मेमध्ये एपीच्या परीक्षा, १ ते ५ असे गुण. इतिहासात ५ आले, आणि ते कुठून आले हे मला अजून समजलेलं नाही, कारण घरी तिने इतिहासाचा अभ्यास करताना मी तिला कधी पाहिलं नाही.

मग कॉलेजचे अर्ज. काउन्सेलरने एक कागद समोर सरकवला: स्कूल प्रोफाइल. ट्रान्स्क्रिप्टबरोबर प्रत्येक कॉलेजला हाही जातो. शाळेत किती मुलं, कुठकुठले एपी विषय आहेत, गुणांना वजन कसं देतात, क्रमांक काढत नाहीत हे, आणि मागच्या वर्षीची मुलं कुठे गेली. तो वाचताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कॉलेज लेकीची तुलना देशाशी नंतर करणार, आधी याच कागदाशी करणार. शाळेत एवढे एपी असताना तुम्ही किती घेतले? ज्या आकड्यासाठी आम्ही अंधारं स्वयंपाकघर पत्करलं होतं, त्याच आकड्याने तिच्यासमोरचा बार उंच करून ठेवला होता. दहापैकी सहाच्या शाळेत तीच मुलगी उठून दिसली असती का? काउन्सेलरला विचारलं. तिच्याकडे अडीचशेच्या आसपास मुलं होती आणि हा प्रश्न तिने बहुधा त्याच आठवड्यात वीसदा ऐकला होता. म्हणाली, “दिसली असती कदाचित. पण मग तिला सकाळी सातला शिकवणारे शिक्षक मिळाले असते की नाही, ते मला माहीत नाही.”

त्याच शरद ऋतूत, बारावीत, संघातल्या एका मुलीचं नडगीचं हाड दुखावलं आणि लेक सातवी म्हणून वर आली. सातवी, म्हणजे न मोजली जाणारी. होमडेललाच. आई पुन्हा आली होती, घडीची खुर्ची घेऊन तिला बोलच्या काठावर बसवलं. लेक उतरली, वळली, आणि या वेळी चढावर चालली नाही. निकालाचा कागद मी अजून जपून ठेवलाय. आमचा संघ मधेच कुठेतरी आला. पण शेजारच्या गावच्या संघाची पाचवी मुलगी लेकीच्या मागे दोन क्रमांकांवर होती. म्हणजे त्यांच्या बेरजेत एकाची भर आमची. आईला हे समजावायला मला परतीचा पूर्ण रस्ता लागला. शेवटी ती म्हणाली, “म्हणजे हिचे मार्क धरत नाहीत, पण दुसऱ्याचे वाढतात. आणि वाढले की वाईट.” बरोबर. “बरं,” म्हणाली, आणि झोपली.

रटगर्समध्ये प्रवेश मिळाला. पुण्याहून फोनवर मावशींनी विचारलं, “आयव्ही लीग नाही का मिळालं?” मी म्हटलं, “नाही, स्टेट युनिव्हर्सिटी.” पलीकडे क्षणभर शांतता आणि मग “असू दे, असू दे,” जणू काही कुणी आजारी आहे.

२०२५च्या जूनमध्ये पदवीदानाच्या आदल्या आठवड्यात शाळेची मेल आली की तुमच्या मुलीचं नाव ऑब्लिगेशन लिस्टवर आहे. कुणाची येणी बाकी असतील, ग्रंथालयाचं पुस्तक, फुटलेली काचेची नळी, तर ती यादी. ती मिटल्याशिवाय डिप्लोमा हातात देत नाहीत. लेकीवर काय? संघाचा बिनबाह्यांचा बनियन, क्रमांक ३१. नोव्हेंबरमध्ये परत करायचा होता, तो तिच्या कपाटात उशीखाली सापडला. मी दोनदा धुतला. खालच्या काठाला होमडेलच्या मातीचा तपकिरी डाग राहिलाच, रिन घासूनही गेला नाही.

खेळाच्या कार्यालयात मीच घेऊन गेले. खिडकीतल्या बाईंनी बनियन उलगडून बघितला, डागावर अंगठा फिरवला, आणि काही न बोलता मागच्या खोक्यात टाकला. त्यात तसेच डाग पडलेले आणखी कितीतरी होते. मग यादीवर नाव शोधून पेनाने काट मारली आणि म्हणाल्या, “नेक्स्ट?”